एन्झाइम नसलेली नळी

प्रयोगशाळेत ताईंना बावीस वर्षं झाली होती, आणि त्यातली निदान वीस तरी ‘पुढच्या वेळी करू’ हे ऐकण्यात गेली होती. हुद्दा तंत्रज्ञाचा, पण हात असा की टाचणीच्या टोकाएवढा थेंबही हवा तिथेच पडायचा. घरी नवरा म्हणायचा, लावलेलं कुलूप दोनदा ओढून बघितल्याशिवाय ही बाई जिना उतरत नाही. ताई म्हणायच्या, मग त्यात चुकलं काय?

सध्या डोक्याला ताप होता तो सरांचा. सर प्रयोगशाळेचे प्रमुख. हुशार माणूस, पण कल्पना एकदा डोक्यात शिरली की तिच्या प्रेमातच पडायचा. तीन वर्षं ते तीन दिवसांच्या मानवी गर्भातल्या एका स्यूडोजीनच्या मागे लागले होते. स्यूडोजीन म्हणजे खऱ्या जनुकाची बिघडलेली नक्कल. प्रत्येक पेशीत ती पडून असते आणि बरेच जण तिला अडगळ म्हणून सोडून देतात. सरांचं म्हणणं असं, की गर्भ अगदी कोवळा असताना पेशी ही अडगळ उघडून वाचते आणि त्याने खऱ्या जनुकाला आधार मिळतो.

ताईंना हे पटत होतं. त्या चिडायच्या ते पुराव्यावर. घरात पुस्तक आहे म्हणजे कोणी ते वाचतंच असं थोडंच आहे? यंत्राला मात्र दोन्ही सारखंच दिसतं. पेशीतला मूळ डीएनए नमुन्यात कणभर जरी राहिला, तरी तपासणीच्या जेलवर दिव्याखाली पट्टी चमकणार. म्हणून एक जोडनळी लावायची. नमुना तोच, बाकी सगळं तेच, फक्त पेशीने वाचलेल्या मजकुराची डीएनएत नक्कल उतरवणारं एन्झाइम घालायचं नाही. तिचीही पट्टी चमकली, तर आपण नुसतं मिटलेलं पुस्तक बघत होतो असं समजायचं.

तीन वर्षांत ही नळी एकदाही लागली नव्हती. टेस्टट्यूब बाळाचे उपचार संपलेल्या जोडप्यांनी दिलेले गर्भ मिळाले होते जेमतेम बारा, आणि एकेकातून निघणारा नमुना इवलासा. डीएनए साफ करायची पायरी आपण करतोच ना, मग अर्धा नमुना कशाला घालवायचा, असं सर दर वेळी म्हणायचे. अकरा संपले. बारावा उरला. लेख सोमवारी पाठवायचा होता आणि सरांची चिठ्ठी आली, सगळा नमुना एकाच नळीत घाला, पट्टी ठसठशीत दिसू दे.

ताईंनी कपाळाला हात लावला आणि तडक सरांची खोली गाठली. अर्धा तास हुज्जत झाली. सर लेखाचा आणि मुदतीचा पाढा वाचत राहिले. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की अर्धा नमुना जोडनळीत जाणार, नाहीतर दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. दुसरं कोणी नव्हतंच. करा काय करायचं ते, म्हणून सर वैतागून संगणकाकडे वळले.

दुपारी ताईंनी जेलखालचा दिवा लावला. पहिल्या घरात पट्टी होती, बारीक पण स्वच्छ. शेजारच्या, जोडनळीच्या घरात काळोख. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. काही नाही. निदान या गर्भात तरी पेशी खरंच वाचत होती. त्यांना इतका आनंद झाला की त्या लगेच सरांना बोलावून आल्या.

सर आले, वाकून बघितलं. “मी तीन वर्षं हेच सांगतोय, ताई. उगाच अर्धा नमुना घालवलात.”

ताईंचं डोकंच फिरलं. “सांगत होतात, सर. माहीत आज झालं.”

सर पुन्हा वाकले. त्या काळ्या घराकडे नीट बघितलं. मग हळूच विचारलं, “आणि आधीचे अकरा?”

“त्यांचं आता कधीच कळायचं नाही. लोकांनी विश्वासाने दिले होते, सर. तुम्ही नको म्हणालात, आणि अकराही वेळा मी ऐकलं.”