काळ्या दोरीने बांधलेला दगड

मावशींनी वाटेवर ठेवलेला दगड मी उचलून तळ्यात टाकला.

हॅम्बर्गबाहेरच्या एका खाजगी इस्टेटीवर जपानी चहाबाग आहे. तिची देखभाल तीस वर्षं मावशींकडे होती. मूळच्या साताऱ्याच्या, जर्मन माणसाशी लग्न करून इकडे आलेल्या. इथल्या समस्त मराठी मंडळींच्या मावशी. विश्वास कशावरच नाही. पाऊस थांबला तर म्हणायच्या, "थांबलाय कसला, दबा धरून बसलाय." पहिल्या भेटीत मी पेढे नेले, तर डबा न उघडताच विचारलं, "काय काम काढलंस?"

सगळ्यात मोठा संशय बागेच्या इतिहासावर. मालकांच्या पणजोबांनी जपानहून कारागीर आणून चहाघर बांधलं, असं पाटीवर लिहिलेलं. "जपानी चहाघरात वाकून शिरतात," मावशी म्हणायच्या. "इथे सहा फुटी जर्मन ताठ मानेने आत जातो. गावच्या सुताराने चित्र बघून बांधलंय हे, आणि त्या बिचाऱ्याचं नाव गाळलंय!" निवृत्तीआधी ते नाव पाटीवर यावं, हा एकच ध्यास. मालक गोड हसून दर वेळी एकच शब्द म्हणत, "बेवाइस?" म्हणजे पुरावा. तो नव्हता.

त्यांच्या शेवटच्या आठवड्यात भेटायला गेलो, तर चहाघराच्या वाटेवर काळ्या दोरीने बांधलेला दगड! मी इंजिनिअर, तरी मनात पहिलं हेच आलं: मावशींवर कुणी तरी करणी केली! दगड तळ्यात भिरकावला आणि त्यांना सावध करायला चहाघराच्या ओसरीवर चढलो. तिसऱ्या पावलाला फळी मोडली. मी कमरेपर्यंत आत.

"अरे गाढवा, तो दगड म्हणजे 'पुढे येऊ नका'!" मावशी धावत आल्या. "जपानी रीत आहे ती. ओसरी कुजलीय!"

मागोमाग मालक. दोघांनी मला उपसून काढलं, तेव्हा मोडकी फळी उलटी झाली. खालच्या अंगाला पेन्सिलीने जर्मनमध्ये लिहिलेलं: 'डावीकडून चौथी', आणि खाली सुताराचं नाव, याच गावाच्या नावासकट.

मावशींनी आधी माझ्याकडे रोखून पाहिलं. "हे तू तर नाही ना लिहिलंस?"

मालकांनी ते दोनदा वाचलं. "आल्झो..." म्हणजे 'तर मग...', असं म्हणून फळी काखेत मारली आणि जुन्या पाटीकडे निघाले.

मावशींच्या निरोपाच्या दिवशी नवी पाटी लागली, सुताराच्या नावाची. मावशींनी त्या नावावरून दोनदा बोट फिरवलं. श्रेयाचा थोडा वाटा मिळेल म्हणून मी हळूच पुढे सरकलो.

"तीस वर्षं डोकं लढवलं," मावशी माझ्याकडे बघत म्हणाल्या. "ओसरीवर सरळ बैल सोडायला हवा होता, हे सुचलंच नाही."