हँडपंपाचं पाणी आणि मॅडमचे किडे

गोंदियाच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशा धुते. सातवी शिकलेल्या बाईला तिथलं काय कळणार, असं मला वाटायचं. पण धुताना हात गुंतलेले असतात, कान मोकळेच असतात. गोष्टी साचत जातात. काही घरी सांगितल्या, काही नाही.

पहिल्याच दिवशी पीएचडी करणाऱ्या मॅडमनी मायक्रोस्कोपमधून मला किडे दाखवले. पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखे, वळवळणारे. गावोगावचं पाणी आणायचं, त्यात हे सोडायचे. मेले, तर पाण्यात विष आहे असं समजायचं.

"मंग माणसावर काऊन नाही पाहात?" मी विचारलं.

"तशी परवानगी नसते, ताई."

शिपाई बिसेनकाका दारातूनच बोलले, "परवानगी कायले पायजे? माणसं तं पिऊनच राहिले."

*

दुसऱ्या आठवड्यात मी बशा साबणानं अशा घासल्या की आरशासारख्या चमकल्या. सकाळी सगळे किडे मेलेले. चांगल्या पाण्यातले, तुलनेसाठी ठेवलेलेसुद्धा.

"साबण राहिला, ताई," मॅडम म्हणाल्या. "डोळ्यांना दिसत नाही, पण राहतो."

घरी येऊन मी गुड्डीचा पेला सात वेळा विसळला. गुड्डी माझी मुलगी, चार वर्षांची. सासूबाई पाहत होत्या. "पेला धुऊन राहिली का झिजवून राहिली?"

*

किडा मेला की जिवंत, हे कसं ओळखतात माहीत आहे? मॅडमनी आपल्या पापणीचा एक केस काडीला चिकटवला आहे. त्यानं किड्याला हळूच शिवायचं. हलला तर जिवंत.

रविवारी दुपारी गुड्डी निपचित झोपली होती. मी तिच्या तळव्याला बोट लावलं. तिनं पाय ओढून घेतला. थोड्या वेळानं पुन्हा लावलं.

नवरा वैतागला. "झोपू दे ना व. जिवंत हाय ते."

*

आमच्या वस्तीला एकच हँडपंप. त्याच्या बाजूच्या नाल्यातून राइस मिलचं काळं पाणी वाहतं. एक दिवस मी डब्याच्या पिशवीत त्या पंपाच्या पाण्याची बाटली भरून नेली. मॅडमनी तिच्यावर नंबर टाकला.

चार दिवसांनी म्हणाल्या, "मेले नाहीत."

मी हसले. त्या नाही हसल्या.

"पिल्लं फार कमी झाली, ताई. आणि जी झाली, ती वाढली नाहीत."

अंगणवाडीच्या कार्डावर गुड्डीच्या वजनाचा ठिपका वर्षभर पिवळ्या, म्हणजे कमी वजनाच्या पट्ट्यात आहे. मी विचारलं, "लेकराचं बी तसंच होते का?"

"किड्यांवरून माणसांचं सांगता येत नाही. पाणी मोठ्या लॅबला पाठवू."

"तोवर उकळून देऊ?"

"उकळून हे जात नाही," त्या म्हणाल्या, आणि काडी उचलून पुन्हा मोजायला बसल्या.

*

मग मॅडम स्वतःच पंप पाहायला आल्या. भर एप्रिल, दुपारचे दोन. स्कूटीवरून उतरल्या तेव्हा ओठ सुकलेले होते. सासूबाईंनी खाट टाकली, घासलेल्या गडव्यात थंड पाणी आणून दिलं.

मॅडमनी गडवा हातात घेतला. पाण्याकडे पाहिलं. मग खाली ठेवला.

"तहान नाही, आजी."

दहा मिनिटं बसल्या, पंपाचे फोटो काढले, गेल्या.

सासूबाई गडव्याकडे बघत राहिल्या. "शिकली, मोठी झाली. पण आपल्या बौद्धाघरचं पाणी नाही चालत तिले. आमच्या वक्ती बी असंच होतं."

"तसं नाही, आई. रोज माझ्या डब्यातली भाजी खाते ते."

"मंग पाणी काऊन नाही पेली?"

तोवर गुड्डीनं तो गडवा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला होता.