दारापुढं थांबलेला ताशा

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. मागच्या खेपेला सरपंच झालो, तेव्हा मिरवणूक मी मुद्दाम हरलेल्या अण्णांच्या दारात थांबवली होती. अण्णा हार घेऊन बाहेर आले. "जिंकलास गड्या, आता गावाचं बघ," म्हणाले. हार न घेता मी त्यांच्या तोंडावर गुलाल फेकला. पोरं हसली, मीही हसलो. पुढच्या वर्षी अण्णा गेले.

आज त्यांचा मुलगा जिंकला आणि मी हरलो. मिरवणूक माझ्या दारापुढं आली, तेव्हा त्यानं ताशा थांबवायला लावला आणि मान खाली घालून तो पुढं गेला. जिंकलेल्याला असंही जाता येतं, हे खिडकीआडून पाहिलं. दार काही उघडवलं नाही. अण्णांच्या घरी हार घेऊन जायचं माझं अजून राहिलंय.