टोपली बाहेर नेल्यावर

पिकून किंचित उतरू लागलेल्या द्राक्षांचा तो वास होता: गोड, जड, घशाच्या मागे चिकटून राहणारा. फाल्गुनात नाशिकच्या कुठल्याही घरात तो असे. म्हणून सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, रुग्णालयातल्या भाजलेल्यांच्या वॉर्डात तो आला, तेव्हा कुणालाच नवल वाटले नाही. भेटीला येणारा प्रत्येक जण द्राक्षेच आणी. खाटांखाली टोपल्या, खिडकीत घड, फरशीवर तळव्यांना चिकटणारे मणी.

माझी थोरली बहीण पालथी पडून असे. चुलत बहिणीच्या लग्नघरात आंघोळीच्या उकळत्या पाण्याचा हंडा कलंडला आणि मानेपासून कमरेपर्यंत तिची पाठ सोलून निघाली. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी होती. पुढे मीच तिच्याहून मोठी झाले. डॉक्टरांनी तिच्या मांडीची निरोगी कातडी काढून पाठीवर लावली होती. ती धरली तर ताई जगणार होती. त्या फिकट, ओलसर तुकड्यांकडे आम्ही श्वास रोखून पाहत असू.

आई नव्हती. मावशी पिंपळगावहून आपली द्राक्षबाग ऐन तोडणीत सोडून आली होती. तिने पट्टीशी नाक नेले आणि समाधानाने मान हलवली. “सडकी घाण नाय येत. गोड वास हाय. म्हंजी जखम भरतीया.”

“मावशी, मी काय घड आहे, हुंगून बघायला?” ताई उशीतून म्हणाली. मग एक डोळा माझ्याकडे वळवून, “आणि तू गं? मनात ओळी जुळवतेयस ना? खबरदार! मेल्याशिवाय मला कवितेत घालायचं नाही.”

डॉक्टर फेरीला आले ते खाटेपाशी पोचण्याआधीच थबकले.

“ती टोपली जरा बाहेर न्या.”

“का ओ डॉक्टर? आंबट निघाली का?” मावशी म्हणाली. “घ्या की दोन मणी, मंग सांगा.”

ते हसले नाहीत. मी टोपली व्हरांड्यात नेऊन ठेवली, खिडकीतले घडही नेले. परत आले, तर वास तसाच उभा होता. तो ताईच्या पाठीतून येत होता.

पट्टी सोडली. गॉजवर मोरपिशी हिरवा ओघळ. लावलेली कातडी जागोजागी विरघळून गेली होती.

पुढे डॉक्टरांनी मला प्रयोगशाळेत बोलावून काचेची एक बशी दाखवली. तिच्यात त्या जंतूची हिरवट साय धरली होती, आणि सायीवर कपाळावरच्या टिकल्यांएवढे कागदी ठिपके.

“एकेक टिकली म्हणजे एकेक औषध,” ते म्हणाले. “जे लागू पडतं, त्याच्याभोवती जंतू मरतात. मोकळं कडं पडतं.”

मी तसे कडे शोधू लागले. साय प्रत्येक टिकलीच्या काठाला भिडली होती.

“आपण देतोय ते इंजेक्शन?”

त्यांनी नखाने एक टिकली दाखवली. तिच्याभोवतीही तसूभर मोकळी जागा नव्हती.

“हा जंतू तुमच्या घरून आलेला नाही,” ते खाली बघत म्हणाले. “इथलाच आहे. नळांवर, बेसिनमध्ये, आमच्या हातांवर. जेवढी औषधं दिली, तेवढी पचवून तगलाय. वर लावलेली कातडीही खातो.”

“मग उरलं काय?”

“सिरका, म्हणजे व्हिनेगर. पाण्यात पातळ करून, दिवसातून तीनदा जखमेवर. झोंबेल थोडा.”

झोंबेल! किती सभ्य शब्द. मी तांब्या कलता केला की ताईची बोटे खाटेच्या लोखंडी गजांभोवती पांढरी होत, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघे त्याला कुठल्याही भाषेत अक्षर नाही. सिरक्याचा आंबट तीक्ष्ण वास त्या गोडव्यावर चढे, त्याला दाबू पाही. तासाभरात गोडवा पुन्हा वर येई. शाळेतल्या मुलांना दरडावणारी माझी बहीण ओतण्याआधी माझ्याकडे पाहून हात जोडू लागली. मी नजर चुकवून ओतत राहिले.

मग हुडहुडी भरली. तिच्या थरथरीने खाट फरशीवर वाजू लागली. विष रक्तात उतरले असावे, डॉक्टर म्हणाले. द्यायला हातात दुसरे काही नाही. धुणे चालू ठेवा म्हणाले, पण त्यांच्या स्वरात आग्रह नव्हता.

मी तांब्या उचलला तेव्हा मावशीने माझे मनगट धरले. तिचे डोळे कोरडे होते.

“बास झालं. आता नको छळू पोरीला. गप पडू दे तिला.”

त्या पकडीतून हात सोडवावासा मला वाटेना. खाली ताईची पाठ उघडी पडली होती. हिरवट, तकतकीत, श्वासागणिक हलणारी. तांब्या मी अजून खाली ठेवला नव्हता.

“ताई,” मी विचारले, “थांबू का गं?”

मग तिने उशीवर गाल वळवला, गजांवरची बोटे एकेक करून पुन्हा आवळली, आणि तापाने फुटलेल्या ओठांनी मला म्हणाली,

“ओत.”