परतीचे बैल

मला फक्त पाच ओळी लिहून द्यायच्या होत्या. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, निवृत्त झालो, वर्ध्याजवळ पिपरी मेघेत दोन खोल्या बांधल्या. आता गुडघे कुरकुरतात आणि डाव्या डोळ्याचं ऑपरेशन मी दर दिवाळीला पुढच्या दिवाळीवर ढकलतो. अशा रिकाम्या माणसाला पाच ओळी काही जड नव्हत्या. तरी तीन आठवडे तो कागद टेबलावर औषधांच्या डब्याखाली पडून होता आणि त्याच्याकडे पाहिलं की मला नुसती जांभई यायची.

कागदामागची गोष्ट अशी. पुण्याहून एका मुलीचा फोन आला होता. जुन्या फिल्मा साफसूफ करून जपून ठेवायच्या, हे तिचं काम. "सर, तुम्ही तरुणपणी मुंबईला एका कार्टूनवर काम केलं होतं ना? आठ मिनिटांचं, बैलबंडीचं? त्याची एक प्रत सापडली आहे." मी हो म्हणालो. त्या कार्टूनच्या सुरुवातीला नावं येतात, तिथं आमच्यासाठी नुसतं 'चित्रे : कलाविभाग' एवढंच आहे. त्या विभागातला शोधून शोधून तिला मी एकटा जिवंत सापडलो. फिल्म पुन्हा लोकांना दाखवतील तेव्हा सोबत माझं एक टिपण लावायचं होतं. "काहीही लिहा सर," ती म्हणाली. तिचा आवाज इतका उत्साही होता की ऐकूनच मला दम लागला.

'काहीही' नव्हतं लिहायचं मला. एकच वाक्य लिहायचं होतं, की परतीच्या प्रसंगातली चूक माझी आहे. पन्नास वर्षं ते वाक्य माझ्याकडे तयार होतं. पण कोणी विचारलंच नव्हतं, आणि आता विचारलं तर हात उचलवत नव्हता.

त्या काळी टॉकीजमध्ये मुख्य सिनेमाच्या आधी अशी छोटी कार्टूनं दाखवत. अर्धं पब्लिक तोवर बाहेर चहा पीत असे. आमचं कार्टून साधंच होतं. एक वांगी विकणारा शेतकरी बंडी घेऊन बाजाराला जातो, माल विकून दमतो, परतताना बंडीतच झोपून जातो आणि बैल त्याला विहिरीला वळसा घालून, पोलिसाला चुकवून, बरोबर घरी आणतात. गोष्ट ऐकली तेव्हा मी हसलो नाही, कारण आमचे बाबा आमच्या आंजी गावाहून वर्ध्याच्या बाजारात वांगीच न्यायचे आणि येताना असेच झोपायचे. मुख्य चित्रकारांना आम्ही साहेब म्हणत असू. त्यांना बैल कसा चालतो ते ठाऊक नव्हतं. मला तेवढंच ठाऊक होतं. म्हणून बैल माझ्याकडे आले.

एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर आम्ही बसायचो. काचेचं टेबल, काचेखाली बल्ब, वर कागद. कागद हलू नये म्हणून त्याला खाली भोकं असत आणि ती टेबलाच्या खुंट्यांत बसवायची. साहेब पाऊल उचललेलं एक चित्र आणि टेकलेलं एक चित्र काढून देत, मधली सगळी आम्ही काढायची. पडद्यावर एक सेकंद सरायला बारा चित्रं लागत. ती मग पारदर्शक शीटवर उतरवायला शेजारच्या खोलीत जात. तिथं चार बायका हातात पांढरे सुती मोजे घालून पुढून शाईनं रेघ मारत आणि मागून रंग भरत. चित्रीकरण झालं की त्याच शीटा धुऊन पुढच्या फिल्मला वापरायच्या. म्हणजे मी काढलेला एकही बैल शिल्लक नाही, सगळे मोरीतून वाहून गेले.

बाबांना हे एकदा समजावून सांगितलं होतं. बारा चित्रं काढावी तेव्हा बैल एक सेकंद चालतो. बाबांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "आपला तं हाड् म्हटलं का चालते." दादा, माझा थोरला भाऊ, हसून हसून खाटेवरून पडायचा राहिला. मीही हसलो, पण मला लागलं. शेती सोडून गेलो होतो, ते कशासाठी हे बाबांना एकदा दिसावं, एवढीच माझी इच्छा होती. ती फार मोठी होती.

म्हणून मी बंडीला आमचेच बैल जुंपले. एक पांढरा, एक ठिपक्यांचा कबरा. शेतकऱ्याच्या घरी बैलांच्या बाजू ठरलेल्या असतात. गोऱ्हा असताना ज्याला डावीकडे शिकवला तो म्हातारा होईस्तोवर डावीकडेच चालतो. बदलून जुंपले तर दोघं एकमेकांना ढकलतात, बाहेर ओढतात, बंडी नालीत जाते. आमचा पांढरा डावा आणि कबरा उजवा. बाजाराला जाताना मी ते तसेच काढले. चार महिने काढले. मान हलते तेव्हा घुंगरांची माळ अर्धं पाऊल मागून हलते, तेसुद्धा काढलं.

परतीचा प्रसंग राहिला तेव्हा हातात नऊ दिवस होते. संगीत आधीच ध्वनिमुद्रित झालेलं, टॉकीजवाल्यांना तारीख दिलेली. आम्ही सगळे टेबलावर डोकं टेकून झोपायचो. तेव्हा ती युक्ती मला सुचली. साहेबांना नाही, मला. जातानाचेच कागद उलटे करायचे आणि बल्बवर ठेवून मागून गिरवायचे. बंडी आपोआप उलट्या दिशेनं चालायला लागते, मागचं चित्र बदललं की झालं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. आणि मला त्याच क्षणी माहीत होतं, की कागद उलटला की बैलांच्या बाजूही उलटतात. पांढरा उजवीकडे, कबरा डावीकडे. मुंबईत कोणाला कळणार होतं? मी गप्प बसलो. मला झोप हवी होती.

पुढं काही महिन्यांनी ते कार्टून वर्ध्याच्या टॉकीजला लागलं. मी सुट्टी घेऊन आलो. बाबा धुतलेलं धोतर नेसून आंजीहून आले, सोबत दादा. बंडी बाजाराला निघाली तशी बाबांनी मान पुढं काढली. घुंगरांची माळ अर्धं पाऊल मागून हलली तेव्हा ते स्वतःशीच "हं" म्हणाले. तो 'हं' मला अजून ऐकू येतो. मग परतीचा प्रसंग सुरू झाला आणि पुढच्या बाकड्यांवरून एकजण ओरडला, "अबे, उलटे जुपले नं बैल!" पुढची सगळी बाकडी शेतकऱ्यांची. "बंडीवाला झोपला अन् बैलाईनं जागा बदलल्या!" असं दुसऱ्यानं म्हटल्यावर तर टॉकीज हसून हसून फुटायला आली. उरलेला वेळ मी पडद्याकडे पाहिलं नाही. बाबांकडेही नाही.

बाहेर आल्यावर बाबा एकच बोलले. "लय थकलेला दिसून राह्यला तू. घरी ये."

बस, तेवढंच. मी त्याचा अर्थ लावला. तुझ्याच्यानं होत नाही, ये परत. पुढच्याच वर्षी मी मुंबई सोडली, पण घरी गेलो नाही. शाळेत लागलो. बाबा गेले तोवर आम्ही त्या कार्टूनबद्दल एक अक्षर बोललो नाही. सण आला की जायचो, जेवायचो, परत यायचो. त्यांनी कधी विषय काढला नाही, आणि मी काढायची हिंमत केली नाही. खरं सांगायचं तर आयुष्यभर जो थकवा माझ्या मागं लागला, त्याची सुरुवात मी त्या टॉकीजच्या दारापासून मोजतो.

तर ती कबुली लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत अडलो. फिल्ममध्ये तो दोन्ही बाजूंना दिसतो, पण घरचा खरा पांढरा डावा होता की उजवा, याची पन्नास वर्षांनी खात्री वाटेना. लिहितो आहे ते बरोबर तरी असावं. चुकीची कबुलीही चुकीची द्यायची म्हणजे फारच झालं. हे सांगू शकणारा माणूस आता एकच, दादा. त्यानं पंच्याऐंशी ओलांडली आहे. फोनवर त्याला ऐकू येत नाही, म्हणून गुडघ्यांना शिव्या देत ऑटोत बसलो आणि आंजी गाठली.

दादा ओसरीत खाटेवर बसला होता. मी पुण्याच्या त्या मुलीनं पाठवलेली फिल्म मोबाइलवर लावून त्याच्या हातात दिली. तो मोबाइल नाकाला टेकवून पाहत राहिला. मध्येच हसला.

"माया डोयानं नीट दिसत नाई," तो म्हणाला, "पण हा कबराच हाय. मान पाह्य त्याची."

मी त्याच्या कानाशी ओरडून विचारलं, "दादा, पांढरा कोणत्या बाजूनं होता?"

"जातानाचं विचारून राह्यला का येतानाचं?"

मला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलं. तो चिडला. "बहिरा असन मी, येडा नाई. जाताना डावा. येताना उजवा."

"येताना उजवा? काऊन?"

"अजून कोणी नाई सांगितलं तुले?" दादानं मोबाइल खाली ठेवला. "टाकीज पाहून तू मुंबईले वापस गेल्यावर बाबानं बैल उलटे जुपाले घेतले. म्या म्हटलं, बाबा, पागल झाले काय? तं म्हणे, पोरानं चार महिने बसून काढलं, उगाच काढलं असन का? त्याच्यात काई तरी असन. पाहू तं करून."

 तो सांगत गेला. पंधरा दिवस बैलांनी नुसता गोंधळ घातला. एकदा बंडी नालीत गेली आणि सगळी वांगी सांडली, बाबांच्या पायाला लागलं. तरी त्यांनी सोडलं नाही. शेवटी बैल वळणावर आले. सकाळी नेहमीसारखे जुंपून बाजाराला जायचे आणि माल विकला की बाबा बाजाराबाहेर दोघांना सोडून, बाजू बदलून, पुन्हा जुंपायचे. लोक थांबून पाहायचे. कोणी हसलं की बाबा म्हणायचे, "टाकीजात नाई पाह्यलं का? आमच्या घरचे बैल येताना असेच चालते."

"किती दिवस केलं असं?" मी विचारलं.

"कबरा मरेपर्यंत. सहा-सात वर्षं."

"मला काऊन नाही सांगितलं?"

"बाबानंच नाई म्हटलं. म्हणे, त्याले काई सांगू नको, त्याच्या जिवाले लागन. तो अगोदरच थकलेला हाय."

मी तिथंच ओसरीच्या पायरीवर बसलो. बाबांनी त्या दिवशी टॉकीजच्या दारात जे म्हटलं होतं, तेच त्यांना म्हणायचं होतं. पोरगं थकलेलं दिसलं, म्हणून घरी ये म्हणाले. बाकीचं सगळं मी माझ्या मनानं घातलं होतं आणि पन्नास वर्षं ओढत आणलं होतं. मला रडू आलं. दादाला दिसलं नाही, किंवा दिसलं असेल. त्यानं आत हाक मारून चहा टाकायला सांगितला आणि फिल्म पुन्हा लाव म्हणाला.

घरी आल्यावर औषधांच्या डब्याखालचा कागद काढला. पाच ओळी लागल्या नाहीत. लिहिलं : बैल आमच्या घरचे आहेत, पांढरा आणि कबरा. परतताना त्यांच्या बाजू बदललेल्या दिसतील, ती चूक नाही. आमचे बाबा परतताना तसेच जुंपत.