दार लाव रे, कापूस उडतोय

गादीवाल्याला गल्लीत सगळे मखमल म्हणत. नाव ठेवलं होतं समोरच्या चष्मेवाल्यानं, आणि ते गाद्यांवरून नव्हतं, गळ्यावरून होतं. मखमलचा आवाज म्हणजे ओल्या लाकडात अडकलेली करवत. ‘या, बसा’ म्हणाला तरी गिऱ्हाईक दचकून उभंच राही. जन्मभर माणसानं लोकांची झोप मऊ केली, पण त्यानं तोंड उघडलं की शेजारचं निजलेलं मूल उठून बसायचं. त्याला याचा काडीचाही खेद नव्हता. म्हणायचा, “दुकानाच्या पाटीला दरवर्षी रंग लागतो. गळ्याला लागत नाही.”

दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. पुढे कापडाचे तागे, मध्ये कापूस पिंजायचं यंत्र, मागे शिलाई मशीन. त्यावर बायको खोळी शिवायची. भिंतीवर जुनी धनुकली टांगलेली. पुरुषभर लांब दांडा, त्याला ताणून बांधलेली तात. कापसात धरून लाकडी ठोकळ्यानं तातीवर मारलं की ती गुणगुणायची आणि कापूस फुलून यायचा. यंत्र आल्यापासून ती भिंतीवरच. यंत्र रुसलं तरच खाली उतरायची.

अशाच एका रुसव्याच्या दुपारी थोरल्यानं बापाचा आवाज चोरला.

हा थोरला दिवसभर मोटारसायकलवरून पार्सलं पोचवायचा आणि घरी आला की कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरपुढे बसायचा. लहानपणी तो एक व्हिडिओ गेम खेळायचा. त्यात एक गुहा होती, आणि गुहेत शिरलं की एक किणकिणती चाल वाजायची. ती चाल पोराच्या डोक्यातून कधी गेलीच नाही. ती संथ करायची, खाली आदिवासी नाचासारखे ठोके घालायचे, मध्ये वारा सोडायचा, आणि झालं की इंटरनेटवर टाकायचं. एकदा त्यानं हौसेनं बापाच्या कानाला हेडफोन लावला होता.

“अरे, यात गाणं कुठंय? नुसतं धुकं आहे!”

“बाबा, धुकंच करायचं होतं,” थोरला म्हणाला, आणि नाकातल्या नाकात असा हसला की मखमललाही हसू आलं.

तर त्या दुपारी धनुकली वाजत होती आणि थोरला दार अर्धं उघडं ठेवून, हातात फोन धरून उंबऱ्यात उभा. वारा आत आला, कापूस उठला. समोरून चष्मेवाला बोंबलला, “अहो मखमलशेठ, माझ्या काचांना दाढी फुटली!” तेव्हा मखमलनं ताल न मोडता आपली करवत चालवली, “दार लाव रे, कापूस उडतोय!”

त्यातून थोरल्यानं काय बनवलं, ते मखमलला समजायला फार उशीर झाला. चाल इंटरनेटवर टाकली आणि बापाला ऐकवायचं राहून गेलं. त्याच आठवड्यात पुलावर मोटारसायकल घसरली. बातमी दुकानात सकाळी आली. बायको घरी होती. मखमलनं तिला निरोप धाडला, की पाय मोडलाय, काळजी करू नकोस. खरं सांगायला त्याला संध्याकाळ झाली.

महिने गेले. दुकान चालू होतं, पण गल्लीत करवत ऐकू येईना. चष्मेवाला मुद्दाम खोड्या काढायचा, तरी हा गप्प.

मग एके दुपारी धाकटी लेक थोरल्याचा फोन घेऊन आली. “बाबा, हे ऐका. तुम्ही आहात यात.”

इअरफोनचं एक बोंडूक तिनं आपल्या कानात घातलं, दुसरं बापाच्या कानात. आधी गुहेतली चाल आली, दूर, पाण्याखालून आल्यासारखी. मग तात गुणगुणली. लाकडी ठोकळ्याचे ठोके आले, एकातून दहा झालेले. आणि मग कुठल्यातरी डोंगराच्या पोटातून यावा तसा एक आवाज आला: “दार लाव रे, कापूस उडतोय!”

मखमलनं बोंडूक काढून त्याच्याकडे पाहिलं आणि परत कानात घातलं.

चालीखाली लोकांनी लिहिलं होतं. देशोदेशीचे लोक. धाकटी अर्थ सांगत गेली. एक म्हणाला, अंगावर काटा आला. एक म्हणाली, डोळे मिटले आणि मी शेकोटीभोवती बसले होते, माझे पूर्वज शेजारी होते. हे तंतुवाद्य कुठल्या जमातीचं, यावर दोघं हमरीतुमरीवर आलेले. आणि तो मंत्र कोणत्या भाषेतला? एका जाणत्यानं ठणकावून सांगितलं होतं, ही शिकारीला निघण्यापूर्वीची प्रार्थना आहे.

“प्रार्थना!” मखमल म्हणाला, आणि कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा हसला. चष्मेवाल्याला हाक मारून ऐकवलं. तो म्हणाला, “म्हणजे इतकी वर्षं माझ्या काचांवर प्रसाद पडत होता होय!”

एकानं मात्र लिहिलं होतं, मूळ गेममधलं संगीत बरं होतं, ही नुसती ठोकाठोक आहे.

“कोण हा? पत्ता विचार त्याचा!”

तेव्हापासून रोज दुपारी वाचन सुरू झालं. धाकटी जेवायच्या सुट्टीत यायची, नवं काय आलं ते वाचायची. मशीनवरची बायको उठून बाहेर निघून जायची. तिनं ती चाल एकदाही ऐकली नव्हती.

त्यात एक ट्रकवाला होता. लांब पल्ल्याची गाडी चालवायचा, रात्रभर हेच ऐकायचा. तो सारखा लिहायचा, “पुढची कधी? तू तर नेहमी लगेच उत्तर देतोस. बरा आहेस ना?”

“बाबा, कळवू का त्याला?”

“नाही.”

“अहो, तो वाट बघतोय.”

“बघू दे! तो वाट बघतोय तोवर...” करवत मध्येच अडकली. पुढचं धाकटीला समजलं. एवढ्या मोठ्या जगात तेवढ्या एका ट्रकमध्ये थोरला अजून होता. उशिरा का होईना, उत्तर देणार होता.

ट्रकवाल्यानं परत विचारलं. मग पुन्हा. त्या दिवशी बायको उठून गेली नाही. मशीन थांबवून म्हणाली, “कळव त्याला.”

“अगं, पण...”

“त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी त्याचं ताट झाकून बसले होते. पाय मोडलाय म्हणून उशीला खोळ शिवली, पायाखाली ठेवायला. तुम्हाला सकाळीच माहीत होतं.” तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच तो ऐकवेना. “असं कुणाला ताटकळत ठेवू नये हो.”

मखमल कितीतरी वेळ बोटांना चिकटलेला कापूस सोडवत राहिला. मग धाकटीला म्हणाला, “लिही. ती प्रार्थना नाही म्हणावं. तो बापाचा आवाज आहे. पोराला ओरडत होता, दार लाव म्हणून. पोरगं दार लावून गेलं. आता नवं काही येणार नाही.”

धाकटीनं लिहिलं. डोळे पुसत पुसत लिहिलं.

दुसऱ्या दुपारी खाली बरंच आलं होतं. ट्रकवाल्यानं एवढंच लिहिलं होतं, “गाडी बाजूला घेऊन थांबलोय.” मखमलनं ते पुन्हा वाचायला लावलं आणि म्हणाला, “बस. बाकीचं नको आज.”

तेवढ्यात बायकोनं हात पुढे केला. “आण. मला ऐकू दे.”

दोघांनी एकेक बोंडूक घातलं. ती खोळीकडे बघत ऐकत होती. चाल आली, तात आली, ठोके आले, आवाज येऊन गेला. आणि तिनं एकदम नवऱ्याचं मनगट धरलं.

“हसलाय तो.”

“कुठं?”

“हे काय, तुम्ही ओरडलात ना, त्याच्या खाली. बारीक. तसंच, नाकातल्या नाकात.”

एवढ्या लोकांनी ऐकलं होतं. पूर्वज दिसले, शेकोट्या दिसल्या, पण हे कुणालाच ऐकू आलं नव्हतं. बापालाही नाही, त्याच्याच आवाजाखाली ते दबलं होतं.

“परत लाव ग,” आई म्हणाली.

धाकटीनं लावलं. मखमलनं दुसरा कान तळव्यानं गच्च दाबला आणि तोंडातून आवाज निघू नये म्हणून दुसऱ्या हातात धरलेला कापसाचा बोळा दातांखाली घेतला. ओरडणं आलं, गेलं. मग त्याची मान हळूच हलली.

“ऐकू आलं,” तो म्हणाला, आणि ते इतक्या हळू म्हणाला, की समोरच्या चष्मेवाल्यानं काच पुसायची थांबवून दुकानाकडे पाहिलं.