गाणं शेवटी आहे

मी हात वर केला. सर म्हणाले, "गाणं शेवटी आहे."

सगळे हसले. मायेनं हसले, तेच जास्त लागलं. माझा हात थोडा वेळ तसाच वर राहिला. मग मी तो खाली घेताना ओढणी नीट केली. जणू तेवढ्यासाठीच उचलला होता.

मला गायचं नव्हतं. मला रशियाबद्दल विचारायचं होतं.

आबिड्सला सरांचा फ्लॅट होता, दुकानांच्या वर, पहिल्या मजल्यावर. दर रविवारी सकाळी तिथे पक्षाचा मराठी अभ्यासवर्ग भरायचा. सर कॉलेजात शिकवायचे, मूळचे पुण्याचे. त्यांच्या पत्नी सुधाताई बँकेत होत्या. येणारे म्हणजे प्राध्यापक, विमा कंपनीतले साहेब, एक वकील. बोलणारे वेताच्या खुर्च्यांवर बसत. आम्ही कलापथकवाले दाराजवळ सतरंजीवर. खाली बसा असं कुणी कधी सांगितलं नाही. सतरंजी अंथरलेलीच असायची.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा सरांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. सर खूश झाले. "अरे वा. मग गाणं तुमच्या रक्तातच असणार."

माझ्या बापाला सूर कशाशी खातात माहीत नाही. आई देवाची आरतीसुद्धा म्हणत नाही. पण मी कलापथकात गेले. आडनावानं गेले. पत्रकं वाटायची, पोस्टरसाठी खळ शिजवायची, आणि वर्गाच्या सुरुवातीला एक, शेवटी एक गाणं म्हणायचं. दोन गाण्यांच्या मधला भाग खुर्च्यांचा.

त्या दिवसांत मधल्या भागात एकच विषय चालायचा. रशियाचा लाल झेंडा उतरला होता. तो का उतरला, याच्या मूल्यमापनाचा मसुदा तयार होत होता. याला पराभव म्हणायचं की पीछेहाट, यावर खुर्च्याखुर्च्यांत जुंपली होती. वकीलसाहेब तर रुसून यायचेच बंद झाले.

आणि इकडे शहराच्या टोकाला, कुकटपल्लीत, आबांचा कारखाना उठून चालला होता.

आबा म्हणजे माझे वडील. पंख्यांच्या मोटारी बनवायच्या कारखान्यात वाइंडिंगला होते. तांब्याची तार गुंडाळून गुंडाळून बोटांना वळ पडलेले. मालकानं परदेशी कंपनीशी हातमिळवणी केली होती. मशिनी दुसऱ्या राज्यात जाणार, माणसं इथेच राहणार. पेपरात याला सुधारणा म्हणत होते. मालकाचा हार घातलेला फोटो होता.

कारखान्यातली युनियन आमच्याच पक्षाची. सर शहर कमिटीवर. म्हणजे मशिनी अडवायच्या की नाही, हे गेटवर ठरणार नव्हतं. आबिड्सच्या त्या खोलीत ठरणार होतं.

म्हणून एका रविवारी आबा माझ्याबरोबर आले. इस्त्रीचा शर्ट घालून. वकीलसाहेबांची खुर्ची रिकामीच होती. आबा सतरंजीवर बसले. कुणी म्हटलं नाही, वर बसा.

आबांनी हात जोडून विचारलं, "सर, मशिनी न्यायला टरक आले तं आडवं व्हायचं का?"

सरांनी चष्मा काढला. "पॅरिस कम्यूनचं काय झालं, ठाऊक आहे तुम्हाला?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी सतरंजीच्या दशा बघत होते.

"कामगारांनी शहर हातात घेतलं, घाई केली आणि चिरडले गेले," सर म्हणाले. "रशियाचं मूल्यमापन होऊ द्या. त्यातून दिशा ठरेल. मग गेटचं बघू. तोवर उतावीळपणा नको."

"म्हंजी थांबायचं."

"थांबायचं."

सुधाताईंनी पोहे दिले. आबांनी खाल्ले, उठून मोरीत बशी विसळली आणि उपडी घातली. "अहो, राहू द्या," सुधाताई म्हणाल्या. पण बशी हातातून घेतली नाही.

गेटवर आबांनी जसंच्या तसं सांगितलं. माझ्या पोरीचे सर म्हणतात, थांबायचं. पॅरिसचं पण सांगितलं. यादगिरीमामा आबांच्या शेजारच्या मशीनवर. ते म्हणाले, "हौ भई. बडे लोगां सोच केच बोलते." सगळे थांबले. आमची माणसं शिस्तीची. पक्षानं थांब म्हटलं की थांबतात. ही शिस्त त्यांना पक्षानंच शिकवली होती.

आणि मग तो हात वर केल्याचा रविवार. आदल्या संध्याकाळी कारखान्यात रिकामे ट्रक गेले होते. घरी कुणाला नीट जेवण गेलं नव्हतं. मी सकाळी निघाले तेव्हा आबा म्हणाले, "आज इचारूनच ये."

सर ऑक्टोबर क्रांतीवर बोलत होते. कामगारांनी कारखाने कसे ताब्यात घेतले ते. फार सुंदर बोलायचे. अंगावर काटा यायचा. मी हात वर केला, आणि गाणं शेवटी आहे.

मी उभी राहिले. "सर, गाणं नाही. प्रश्न आहे. तिकडं आता कारखाने विकतायत. तिथले कामगार काय करतायत? तेही थांबलेत का? आमच्याकडे काल ट्रक आलेत."

 सर मऊ आवाजात म्हणाले, "तुझा अनुभव मोलाचा आहे. तो तू सांग. अर्थ लावायला आम्ही आहोत. बस."

मी बसले. 

आतल्या खोलीत फोन वाजला. सुधाताई दारात आल्या. "तुझ्यासाठी आहे गं. कुणी यादगिरी."

मामा कुठल्यातरी दुकानातून बोलत होते. मागं रस्त्याचा गलका. "मशीनां ले को गए, अम्मा. सब. तुम्हारे आबा गेट के सामने बैठे, उठतेच नै." मग म्हणाले, "साब का फैसला आया क्या?"

मी फोन ठेवला. बाहेर येऊन म्हटलं, "सर, मशिनी गेल्या."

सरांचा चेहरा पडला. खरंच पडला, खोटं कशाला सांगू. मग ते खुर्च्यांकडे वळले. "बघा. भांडवलाची गती आपण मसुद्यात जी मांडलीय, तीच ही. अगदी जिवंत उदाहरण. हे घालायला हवं."

विमा कंपनीच्या साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

   सर पुढे बोलत राहिले. गेटवर कोण आहे, कुणी जेवलंय का, कुणी विचारलं नाही. मी निघूनही गेले नाही. वर्ग संपेपर्यंत दाराला टेकून उभी होते, त्यांच्यासाठी एक उदाहरण होऊन.

"चला, गाणं," सर म्हणाले.

डफ वाजला. मी तोंड उघडलं नाही. डफ थांबला, परत वाजला.

"अगं, म्हण. अशा वेळीच तर म्हणायचं."

"नाही."

"शिस्त असते, बाळ."

"ती आम्ही पाळली, सर. आता गाणं तुम्ही म्हणा."

खुर्च्यांवरच्या कुणी म्हटलं नाही. दर रविवारी ऐकत होते, माना डोलावत होते. पहिल्या ओळीपुढं एकालाही येत नव्हतं.

मी बस धरली. गेटवर पोचले तेव्हा माणसं पांगली होती. शेडचं दार सताड उघडं. आत फरशीवर मशिनींच्या जागी तेलाचे चौकोन, आणि कोपऱ्याकोपऱ्यात कापलेले बोल्ट. आबा रस्त्याकडेला बसले होते. शेजारी यादगिरीमामा. आबांनी विचारलं, "काय ठरलं?"

"काही नाही ठरलं, आबा."

आबांनी मान हलवली. मग म्हणाले, "मंग उठायचं का?"

माझ्या बापानं उठायचीही परवानगी मागितली.  मी पण तिथेच बसले.

त्यानंतर कम्यूनवरची एक पातळ पुस्तिका मी वाचली. अडखळत वाचली. आमचं शाळेचं शिक्षण तेलुगूत, मराठी घरची. तिथं भलतंच निघालं. शहर हातात होतं, तरी त्या लोकांनी बँकेला हात लावला नाही. उलट तिची राखण केली. शत्रू, म्हणजे जुनं सरकार, व्हर्सायला पळाला होता, त्याच्यावर वेळेत चाल करून गेले नाहीत. तेवढ्यात त्यानं फौज जमवली. माझ्या वाचण्यात तरी ते घाईनं मेले नाहीत. थांबले आणि मेले. सरांनी हे वाचलं नसेल असं होणार नाही. त्यांनी सगळं वाचलंय.

मला पक्षातून काढलं. कारण, बेशिस्त. मसुदा छापून झाला. त्यात आमचा कारखाना आहे, अडीच ओळी. आबांचं नाव नाही, ते बरंच आहे. आबा घरी असतात. कुणी दार वाजवलं की विचारतात, "ठरलं का?"

आमच्या कारखान्याच्या भिंतीला लागून पाइपांचा कारखाना आहे. तिथंही आता परदेशी पाहुणे येऊन मशिनी बघून गेलेत. मी रोज पाळी सुटताना त्या गेटवर जाते. पत्रक माझं मी लिहिते. पॅरिसचं लिहिते, रशियाचं लिहिते, मला लागला तसा अर्थ लावून. चुकत असेन. आम्ही जिंकू असंही मला वाटत नाही. पोलीस त्यांचे, रस्ते त्यांचे, पेपर त्यांचे. पाचपन्नास माणसं कितीशी पुरणार.

काल तिथल्या एका बाईनं पत्रक घडी करत मला विचारलं. आबांचाच प्रश्न. ट्रक आले तर आडवं व्हायचं का?

मी कुणाला विचारायला गेले नाही. म्हटलं, व्हायचं. पहिली मी.